कर्म, आसक्ती, ध्यान: गावात राहून धम्म समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी

विदर्भातल्या कितीतरी गावांत बुद्ध विहार आहे. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून माणसं जमतात आणि ‘नमो तस्स’ सुरू झालं की शाळकरी पोरीपासून आजीपर्यंत सगळ्यांचा सूर एक होतो. त्रिशरण-पंचशील सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण वंदना झाल्यावर सतरंज्या गोळा करता करता एखादा पोरगा हळूच विचारतो, “भाऊ, आपण तं नशीब मानत नाही ना? मंग बुद्धानं कर्म काहून सांगितलं?” कधी शेजारच्या मोहल्ल्यातली, बौद्ध नसलेली एखादी ताई विचारते, “ध्यानाला बसतेत म्हणजे करतेत काय?” असे प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. धर्म बदलायचा की नाही हा वेगळा विषय. धम्म काय सांगतो हे समजून घ्यायला कोणाचीच आडकाठी नाही.

सुरुवात मी मुद्दाम कर्मापासून करतो, ध्यानापासून नाही. कर्माबद्दलची समजूत चुकीची असली की पुढचं सगळंच वाकडं जातं.

पहिली पायरी: कर्म आणि नशीब यांची फारकत करा

पीक बुडालं, पोरगी माहेरी परत आली, घरातला कर्ता माणूस गेला, की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: “मागच्या जन्माचे भोग.” हे वाक्य बुद्धांच्या तोंडी घालू नका. संयुत्त निकाय या पाली सुत्तांच्या, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या, संग्रहात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, आपलं म्हणणं काय? बुद्धांनी आठ कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, स्वतःची नीट काळजी न घेणं, अचानक झालेली इजा, आणि आठवं कर्माचा विपाक, म्हणजे फळ. सगळ्याचा बोजा पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या सत्याच्या पलीकडे जाऊन बोलतात, असं त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं.

हे आपल्या मातीत ठेवून बघा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, नाकातोंडाला फार तर एक दुपट्टा, आणि फवारा अंगावरच येतो. त्या माणसांनी मागच्या जन्मी काय केलं होतं, हा प्रश्न विचारणंसुद्धा मला क्रूर वाटतं. विष शरीरात कसं गेलं हे सांगता येतं, ते थांबवता येत होतं हेही सांगता येतं. ‘भोग’ म्हटलं की ही दोन्ही कारणं झाकली जातात, आणि पुढच्या हंगामात दुसरा कोणी तसाच पंप पाठीवर घेऊन वावरात उतरतो.

मग या प्रसंगात कर्म कुठे आहे? धोका माहीत असूनही मजुराला मास्क, हातमोजे न देता फवारायला धाडणाऱ्याच्या मनात जे आहे, तिथे. “राहू दे, आज वारं उलटं आहे, उद्या मारू” असं म्हणणाऱ्याच्या मनातही आहे. अंगुत्तर निकायातलं वचन आहे: ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि.’ चेतना, म्हणजे जाणूनबुजून धरलेला हेतू, यालाच मी कर्म म्हणतो. तो हेतू मग शरीराने, वाणीने किंवा मनाने कामाला लागतो. त्याच्या मुळाशी लोभ, द्वेष, मोह असेल तर कर्म अकुशल, म्हणजे अहिताचं, आणि हे तीन नसतील तर कुशल.

बाबासाहेबांनी हा मुद्दा आणखी पुढे नेला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. गरिबाच्या पोटी जन्मलेला माणूस पूर्वजन्मीच्या पापामुळे गरीब, हा विचार त्यांनी त्यात साफ नाकारला आहे. तो मान्य केला की जातीने लादलेल्या हालअपेष्टांना कोणी जबाबदारच उरत नाही. थेरवादात, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या बौद्ध परंपरेत, पुढच्या जन्मातल्या विपाकाचा विचार आहे, बाबासाहेबांची मांडणी तिथे वेगळी पडते. नवशिक्याने या वादाचा निकाल लावून मग पुढे जायची गरज नाही. हेतू आणि त्याचा परिणाम याच जन्मात, याच आठवड्यात तपासता येतो. तेवढं काम सुरुवातीला भरपूर आहे.

ते तपासायचं कसं, हे बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, सांगितलं आहे. काम करण्याआधी, करत असताना आणि झाल्यावर, तिन्ही वेळा विचारायचं: यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होणार आहे का? कापूस वेचणीची संध्याकाळ घ्या. मजुरी किलोवर असते, बाया गाठोडी घेऊन काट्यापुढे रांगेत उभ्या असतात. काटा धरणाऱ्याचा हात गाठोड्याला जरासा लागला तर अर्धा किलो इकडचं तिकडे होतं. हात उचलायच्या आधीच मनात काहीतरी हललेलं असतं. ते हललेलं ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी कर्माचा पहिला धडा झाला म्हणायचा. रोज झोपताना दिवसातलं असं एकच काम आठवा आणि हे तीन प्रश्न त्याला लावा. आठवडाभर एवढंच करा. दहा कामं आठवत बसाल तर तिसऱ्या दिवशी कंटाळाल.

दुसरी पायरी: पंचशील रोजच्या कामाला लावा

पंचशील पाठ आहे, त्यामुळे इथे फार लिहीत नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा, या पाचांपासून दूर राहण्याचा नियम आपण स्वतः स्वतःसाठी घेतो. देवाचा हुकूम म्हणून किंवा शिक्षेच्या भीतीने नव्हे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत सरकारची दारूबंदी आहे, आणि तिथेही दारू कशी मिळते हे गावात कोणाला सांगायला नको. कायदा बाहेरून बांधतो, शील आतून. दोन्ही लागतात.

ध्यानाआधी शील का, याचं कारण व्यवहारातलं आहे. दिवसभर कोणाला फसवून, घरी बायकोवर हात उचलून संध्याकाळी डोळे मिटले, तर बंद पापण्यांमागे तेच दिसत राहतं. पाचांपैकी तुम्हाला सगळ्यात जड जाणारं शील कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक महिना तेवढ्यावर लक्ष द्या.

तिसरी पायरी: आसक्ती बघायची असेल तर धुऱ्यावर जा

आसक्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगला, गाडी, सोनं येतं. मग अडीच एकर कोरडवाहू असलेला माणूस म्हणतो, “मायाजवळ हायेच काय आसक्ती ठेवाले?” त्याला त्याच्याच वावराचा धुरा, म्हणजे बांध, दाखवावा.

शेजाऱ्याने वखर हाणताना धुरा कोरला. वखराचं एक तास, म्हणजे एक ओळ, फार तर दोन तास जमीन तिकडे गेली. सकाळी वावरात पाय ठेवताच ताजी उलथलेली काळी माती दिसते, धुऱ्यावरचं गवत मुळासकट उपटून पडलेलं दिसतं. डोळ्याला ते दिसलं, हा झाला फस्स, म्हणजे स्पर्श. छातीत चर्रर्र झालं, कान तापले, ही वेदना. पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही असते आणि दोन्ही नसलेलीही. त्यापाठोपाठ “आता याला दाखवतोच” ही तण्हा, म्हणजे तृष्णा, उसळते. आणि मग मूठ आवळली जाते: माझं वावर, माझ्या बापाचं नाव, माझी इज्जत. हे उपादान, घट्ट धरणं, जिला आपण आसक्ती म्हणतो. इथून पुढे काठ्या निघतात, पोलीस ठाणं होतं, तारखा पडतात, आणि जेवढ्या जमिनीसाठी भांडण पेटलं तिच्या कितीतरी पट पैसा वकिलाकडे जातो. दोन घरांतली पोरं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

बुद्धांनी दुःखाची जी साखळी सांगितली, तिच्यातल्या या चार कड्या. यातला स्पर्श टाळता येत नाही, वेदनाही टाळता येत नाही. पण वेदना आणि तण्हा यांच्यामध्ये एक फट असते. कान तापलेत हे तापलेले असतानाच कळलं, तर पुढचं पाऊल निवडता येतं. सगळा सराव या फटीसाठी आहे.

आता नेहमीची शंका: मग धुरा सोडून द्यायचा? अजिबात नाही. रीतसर मोजणीचा अर्ज करा, पंचांना बोलवा, हक्काची जमीन परत घ्या. अनासक्तीचा अर्थ हक्क सोडणं असा असता, तर २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर कोणी गेलंच नसतं. हक्क मागताना मनात शेजाऱ्याचं वाईट व्हावं अशी आग आहे की नाही, एवढंच तपासायचं आहे. “आसक्ती सोड” हा उपदेश दुबळ्याला गप्प करायला वापरला जातो, तेव्हा तो धम्म राहत नाही. हे मी पोटतिडकीने लिहितो, कारण असा वापर आजूबाजूला होताना दिसतो.

उपादानाचे चार प्रकार सांगितले आहेत. भोगाच्या वस्तूंना चिकटणं आपल्याला लगेच कळतं. ‘मी’ नावाचं काहीतरी कायमचं आहे या कल्पनेला चिकटणं कळायला वेळ लागतो. उरलेले दोन विहारातल्या माणसांनी नीट बघावेत. एक म्हणजे आपल्या मताला चिकटणं. एका वस्तीत दोन समित्या, दोन झेंडे, जयंतीच्या दोन मिरवणुका होतात, तेव्हा ते मताचंच उपादान असतं. दुसरं कर्मकांडाला चिकटणं. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, गाथा म्हटली की झालं, असं मानणं म्हणजे बुद्धाच्याच मूर्तीसमोर बुद्धाने सांगितलेलं विसरणं.

आणि लेकरावरची माया? तिला आसक्ती म्हणून टाकून द्यायचं नाही. लेकराचं भलं व्हावं ही मैत्री. लेकराने माझ्याच मनासारखं व्हावं, बारावीत माझी मान खाली घालू नये, हा हट्ट आसक्तीचा. एकाच मनात दोन्ही मिसळलेली असतात, ती हळूहळू वेगळी ओळखू येतात.

चौथी पायरी: बसा

वेळ अशी निवडा जी मोडणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उजाडायच्या आधीची वेळ बरी. पण ज्या बाईचा दिवसच चार वाजता सडा-सारवण, पाणी आणि डब्यांनी सुरू होतो, तिला “पहाटे ध्यान कर” सांगण्यात अर्थ नाही. तिने दुपारची भांडी झाल्यावर बसावं, किंवा रात्री सगळे झोपल्यावर. घरच्यांनी त्या दहा मिनिटांत तिला हाक मारू नये, हा घरच्यांचा सराव. रात्रपाळीची लाईन असेल आणि मोटर सुरू करायला विहिरीवर जावं लागत असेल, तर तिथल्या धावेवर बसलं तरी चालतं.

मांडी घालून बसता आलं तर उत्तम, खाली घडी केलेली वाकळ किंवा पोतं घ्या. धानाच्या रोवणीत आणि निंदणात ज्यांचे गुडघे गेले त्यांनी खुर्चीवर किंवा ओट्यावर पाय खाली सोडून बसावं. पाठ ताठ हवी, ताणलेली नको. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

डोळे मिटा आणि नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वरच्या भागावर लक्ष ठेवा. येणारा श्वास जरा थंड लागतो, जाणारा कोमट. श्वास खोल करायचा नाही, रोखायचा नाही, हा प्राणायाम नाही. आनापानसती सुत्तात पहिली सूचना इतकी साधी आहे: दीर्घ श्वास घेतला तर दीर्घ घेतला हे जाणा, आखूड घेतला तर आखूड घेतला हे जाणा. मन अजिबात थारत नसेल तर सुरुवातीचे काही दिवस श्वास मोजले तरी हरकत नाही. विपश्यनेच्या शिबिरात मात्र मोजू देत नाहीत, नुसता श्वास बघायला सांगतात. दोन्ही पद्धती जुन्या आहेत, एक धरा आणि काही महिने बदलू नका.

चौथ्या-पाचव्या श्वासाला मन सोसायटीच्या कर्जावर जाईल. जाऊ द्या. गेलं हे कळलं की परत आणा, मनाला शिव्या न देता. पुन्हा जाईल, पुन्हा आणा. नवशिक्यांना वाटतं की मन गेलं म्हणजे ध्यान फसलं. मन गेल्याचं कळणं आणि परत येणं, ध्यान यालाच म्हणतात.

मग गुडघा ठणकतो, डास चावतो. लगेच हलू नका. ठणका कुठे आहे, किती जागेत आहे, वाढतोय की कमी होतोय, एवढं बघा. सल्ल सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. एक बाण शरीराला लागतो. “मलाच का, हे कधी थांबेल” हा दुसरा बाण माणूस स्वतःच्या मनाला मारून घेतो. गुडघ्याच्या ठणक्यात दोन्ही वेगळे दिसू लागले की धुऱ्यावर कान तापतात तेव्हाही दिसतील. सहनच होईना झालं तर सावकाश पाय बदला. शूरपणा दाखवायचा नाही.

शेवटची दोन मिनिटं मैत्रीसाठी ठेवा. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’, सगळे प्राणी सुखी होवोत, असं आपण म्हणतोच, आता ते माणूस समोर आणून म्हणा. आधी स्वतः, मग जवळचं माणूस, मग रोज दिसणारा पण ओळखीचा नसलेला, जसा बसचा कंडक्टर. धुरा कोरणारा शेजारी सगळ्यात शेवटी, आणि जमेल तेव्हाच. पहिल्या दिवशी त्याच्यापासून सुरुवात कराल तर तोंडाने गाथा आणि मनात शिव्या चालतील.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. महिनाभर न चुकता झालं की वीस करा.

वेचणीच्या दिवसांत दहा मिनिटंही मिळत नाहीत, हे खरं आहे. सतिपट्ठान सुत्तात बसण्याबरोबर चालणं, उभं राहणं, वाकणं, हात पसरणं, खाणं-पिणं हेही सरावात धरलं आहे. एका ओळीपुरतं असं करा: हात बोंडाकडे जातोय, बोटं कापसाला लागली, वाळलेल्या बोंडाचं टोक पेराला टोचलं, कापूस सुटला, ओटीत गेला. ओळ संपली की खुशाल गप्पा मारा. दिवसभर असं राहायचा अट्टहास केला तर डोकं दुखेल आणि कापूसही कमी भरेल.

अडथळे, आणि कधी बसू नये

झोप, चुळबुळ, राग, एखाद्या गोष्टीची हाव आणि “याने काही होतं का” ही शंका, हे पाच अडथळे, पाच नीवरणं, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनाही होते. झोप आली तर डोळे उघडा, उभे राहा, तोंडावर पाणी मारा. राग असेल तर श्वासाऐवजी मैत्रीपासून सुरू करा. शंका असेल तर जाणत्या माणसाला विचारा. डोळ्यांपुढे उजेड दिसला, अंग हलकं झालं, तर त्याला सिद्धी समजू नका. ध्यानाने कॅन्सर बरा करतो, पोरगं होईल असं सांगणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

एक गोष्ट गंभीरपणे. कर्ज, नापिकी किंवा घरातल्या तणावामुळे “आपण नसलेलंच बरं” असे विचार येत असतील, तर एकटं डोळे मिटून बसणं हा त्यावरचा उपाय नाही. ‘आपण नसावं’ या ओढीलाही बुद्धांनी तण्हाच म्हटलं आहे, विभव-तण्हा. त्या ओढीचं ऐकायचं नसतं. त्या दिवशी घरच्या माणसाशी बोला, सरकारी दवाखान्यात जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेली मनाची औषधं ध्यान सुरू केलं म्हणून बंद करू नका.

संगत, पुस्तकं आणि शिबिर

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास नवशिक्यासाठी सगळ्यात सोयीचा. या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. डवरणीहून थकून आलेली माणसं येतात, कोणी पेंगतं, तरी येतात. तुम्ही नुसते ऐकायला बसू नका. वाचलेल्यातला एक प्रश्न वहीत लिहा आणि पौर्णिमेला भन्तेजी (भिक्खू) किंवा बौद्धाचार्य (विधी करणारे उपासक) आले की विचारा. तुमच्या विहारात वाचनानंतर शांत बसायची पद्धत नसेल, तर पाच मिनिटं बसू या असं सुचवा. पहिल्यांदा बहुधा महिला मंडळच तयार होतं.

पुस्तकांत आधी धम्मपद घ्या, ४२३ गाथा आहेत, रोज एक वाचली तरी चालेल. त्यानंतर बाबासाहेबांचा ग्रंथ, आणि त्याची प्रस्तावना अजिबात सोडू नका, कारण कर्म आणि पुनर्जन्म यांबद्दलचे अवघड प्रश्न त्यांनी तिथेच उघडपणे मांडले आहेत. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा दिली, त्यामुळे चंद्रपूरलाही त्या सुमारास मोठा सोहळा असतो. पूर्व विदर्भातल्यांना तो जवळ पडतो.

घरचा सराव काही महिने टिकला की दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा विचार करा. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं केंद्र नागपूरजवळ माहुरझरीला आहे. पहाटे चारला उठायचं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, मोबाईल जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. राहणं, जेवण, शिकवणं कशाचीच फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. आपल्यातले काही जण म्हणतात की डोळे मिटून बसल्याने अन्याय संपत नाही. खरं आहे, नाहीच संपत. म्हणून मोर्चाला जाणाऱ्यानेही बसावं आणि बसणाऱ्यानेही मोर्चाला जावं, असं माझं मत आहे.

शिबिरासाठी संक्रांतीनंतरचे आठवडे बरे. तोवर कापूस बराचसा घरात आलेला असतो आणि ऊन तापायचं असतं. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारासच करा. बीपी, शुगर, फिट्स किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका. गुडघ्यांचा त्रास असेल तर खुर्ची लागेल हेही लिहा. ढोरांचं चारापाणी आणि घरचं दूध दहा दिवस कोण बघणार हे आधी ठरवा, आणि अडीअडचणीला निरोप देण्यासाठी केंद्राच्या कार्यालयाचा नंबर घरच्यांकडे कागदावर लिहून ठेवून जा.